पडद्यामागील वाद्यवृंद

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. मधल्या सुटींत एक विद्यार्थी व्हरांड्याच्या कठड्यास टेकून कसलीशी लष्करी थाटाची चाल तोंडानें वाजवीत उभा होता. ती एका इंग्रजी चित्रपटांतील आहे, एवढेंच मला ठाऊक होतें. “हा दणदणाट सोडून कांहीं चांगलें ऐकत जा,” असें मीं त्यास बजावलें. मुलगा शालीन आहे. तो अदबीनें म्हणाला, “सर, आपण तें सबंध ऐकलें आहे काय?” मीं ऐकलें नव्हतें. न वाचलेल्या पुस्तकावर मत ठोकून देणाऱ्या मुलास मी वर्गांत उभा करतों. त्या दिवशीं ती पाळी माझ्यावर आली.

त्यानंतर सुटीचे कांहीं दिवस मीं हें संगीत ऐकण्यांत घालविले, व माझें मत बदललें. तें पालकांपुढें मांडावें म्हणून हा लेखनप्रपंच.

अंतराळयानें, स्फोट व मारामाऱ्या यांनीं भरलेल्या चित्रपटांत संगीत म्हणजे गोंगाटांत भर, हा आपला नेहमींचा आक्षेप. पुष्कळ चित्रपटांच्या बाबतींत तो खरा आहे, व तेथें मी मुलांची वकिली करणार नाहीं. परंतु १९७७ सालचा ‘स्टार वॉर्स’ घ्या. जॉन विल्यम्स यांनीं या दोन तासांच्या चित्रपटासाठीं सुमारें दीड तासाचें संगीत रचलें, आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रानें तें त्याच वर्षीं मार्च महिन्यांत वाजविलें. परग्रह व यंत्रमानव यांची कथा असल्यानें विजेच्या वाद्यांचे चमत्कारिक आवाज योजणें सहज शक्य होतें. १९५१ सालीं ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ या चित्रपटांत बर्नार्ड हर्मन यांनीं थेरमिन हें हात न लावतां वाजणारें वाद्य घेऊन तसें केलें होतें, आणि उत्तम केलें होतें. विल्यम्स यांनीं उलट मार्ग धरला. डोळ्यांस सर्वच अनोळखी दिसत असतां निदान कानांस तरी ओळखीचें कांहीं असावें, असें जणूं त्यांनीं ठरविलें. आणि व्हायोलिन, ट्रंपेट, हॉर्न हींच जुनीं वाद्यें पुढें आणलीं.

याचें फळ काय झालें, तें एका प्रसंगावरून पाहावें. ल्यूक नांवाचा तरुण वाळवंटी ग्रहावर काकाच्या शेतावर वाढला आहे. त्यास शिक्षणासाठीं दूर जावयाचें आहे. काका म्हणतो, आणखी एक हंगाम थांब. मुलगा जेवणावरून उठून बाहेर येतो व क्षितिजाशीं मावळणारे दोन सूर्य पाहत उभा राहतो. एक शब्दही नाहीं. प्रथम एकटा हॉर्न हळूच बोलूं लागतो. मग सर्व तंतुवाद्यें तोच सूर उचलून भरतीच्या लाटेसारखीं चढतात. पडद्यावर फक्त एक मुलगा आणि वाळू आहे. त्याच्या मनांतील तळमळ सगळी संगीतांत आहे. विल्यम्स यांनीं येथें आधीं निराळें संगीत लिहिलें होतें. तें बाजूस ठेवून हें लिहिलें. ज्यांचीं मुलें दहावीनंतर परगांवीं जावयास निघालीं आहेत, त्या आईबापांनीं एवढा भाग तरी मुद्दाम ऐकावा.

जाणकारांचा आक्षेप निराळा असतो. ते म्हणतात, हें सर्व उसनें आहे. होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’मधील मंगळाचा धडाका आणि कोर्नगोल्ड यांनीं १९३८ सालीं ‘रॉबिन हूड’च्या चित्रपटासाठीं रचलेल्या संगीताचा थाट येथें स्पष्ट दिसतो. दिसतो खरा. पण किर्लोस्करांनींही शाकुंतलाचीं कितीतरी पदें रूढ चालींवरच बसविलीं, म्हणून आपण त्यांस कमी लेखीत नाहीं. आपल्या मुंबईंत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनीं लॉस एंजेलिस फिल्हार्मोनिककडून हें संगीत १९७७ सालींच वाजवून घेतलें. बेथोव्हेन वाजविणाऱ्या वाद्यवृंदास त्यांत कमीपणा वाटला नाहीं.

(पोकळींत आवाज जात नाहीं, मग तेथें स्फोटांचा गडगडाट कसा, असें आमचे विज्ञानशिक्षक विचारतात. त्यांचें म्हणणें बिनतोड आहे. त्यांनीं १९६८ सालचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ पाहावा, त्यांत यानें फिरतात तीं योहान स्ट्राउस यांच्या वॉल्ट्झच्या तालावर.)

पालकांस हें संगीत कर्कश वाटतें याचें एक साधें कारण मला सांपडलें. मुलें तें मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यांतून ऐकतात. त्यांत खर्जाचीं वाद्यें जवळजवळ नाहींशीं होतात व उरते ती वरची किणकिण. शेजारच्या खोलींत बसून आपण तेवढीच ऐकतों आणि ओरडतों. थोड्या बऱ्या ध्वनिवर्धकावर, एकदां तरी मुलाशेजारीं बसून ऐकलें पाहिजे.

त्या विद्यार्थ्यापाशीं मीं चूक कबूल केली. त्याची ती चाल १९८० सालच्या दुसऱ्या भागांतील, काळ्या मुखवट्याच्या डार्थ वेडरची. पितळी वाद्यांवर ती ऐकतांना छातींत धडकी भरते. तो म्हणाला, “सर, आतां १९८३ सालच्या भागांत तो मरतो तेव्हांची ऐका.” त्या रात्रीं ऐकली. मुलगा बापाचा मुखवटा काढतो. तीच चाल येते, पण सैन्य निघून गेल्यावर मागें राहिलेल्या एखाद्या मनुष्यासारखी. तुटक, मंद, आणि शेवटीं केवळ हार्पच्या तारांवर.