सुईने दिलासा द्यावा, आश्वासन नको

मूल होत नाही म्हटले की आपल्या समाजाचे बोट सर्वप्रथम स्त्रीकडे वळते. नवस तिने बोलायचे, उपास तिने धरायचे आणि हळदीकुंकवाच्या वेळची कुजबुजही तिनेच ऐकायची. विज्ञानाने या दुःखावर मार्ग शोधला. १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि १९८६ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांना यश आले. आज जिल्ह्याच्या गावीही असे उपचार होतात. परंतु अलीकडे या उपचारांच्या जोडीला ॲक्युपंक्चर सुचवले जाऊ लागले आहे. त्याविषयी मला चार शब्द लिहावेसे वाटतात.

ही विद्या चीनची असली तरी आपल्याला अगदीच परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बी. के. बसू यांनी पुढे ती कलकत्त्यात रुजवली. तेव्हा तिची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. प्रश्न एवढाच, की या सुयांनी मूल होण्याची शक्यता वाढते काय?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरात आलेला प्रत्येक कागद वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे येते. माझ्या वहिनीला एका केंद्रात जे पत्रक मिळाले, त्यात सुयांमुळे गर्भ रुजण्याची शक्यता वाढते असे ठामपणे छापले होते. दादा साखर कारखान्यात हंगामी कामाला. इंजेक्शनांसाठी आधीच कर्ज काढलेले, त्यात या सुयांचे पैसे वेगळे.

पत्रकातले विधान अगदीच निराधार नव्हते. जर्मनीत १६० स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगाचा निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला. सुया घेतलेल्यांपैकी ४२.५ टक्के स्त्रियांना गर्भ राहिला, न घेतलेल्यांपैकी २६.३ टक्के. आकडे पाहून कोणालाही आशा वाटेल. पण दुसऱ्या गटातील स्त्रिया नुसत्याच पडून होत्या. त्यांना सुईचा भासही दिलेला नव्हता. ती उणीव पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील ८४८ स्त्रियांच्या प्रयोगात भरून निघाली. तेथे एका गटाला खऱ्या सुया टोचल्या, तर दुसऱ्या गटाला टोचल्यासारख्या वाटणाऱ्या पण त्वचेत न शिरणाऱ्या. २०१८ साली निकाल प्रसिद्ध झाला. खऱ्या सुया घेतलेल्यांपैकी १८.३ टक्के स्त्रियांना मूल झाले, खोट्या सुया घेतलेल्यांपैकी १७.८ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच!

मग सुया निरर्थक ठरतात का? मला तसे वाटत नाही. वहिनी मला एकदा म्हणाली, "वन्सं, तिथं आडवी पडले की अर्धा तास तरी मला कुणी काही विचारत नाही." रोजची इंजेक्शने, सोनोग्राफी, गर्भ आत सोडल्यानंतरची दोन आठवड्यांची जीवघेणी वाट, हे सारे सोसणाऱ्या स्त्रीला अर्ध्या तासाची शांतता मिळत असेल तर ती लहान गोष्ट नव्हे. पण मग त्या शांततेला शांतताच म्हणावे. तिच्यावर मुलाचे लेबल लावून ती विकू नये. कारण उपचार फसला की "एवढ्या सुया घेतल्या, तरीही नाही?" हा प्रश्न पुन्हा त्या स्त्रीलाच विचारला जातो!

आणखी एक. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडील कारणांचाही वाटा असतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. तरी इंजेक्शने स्त्रीला, सुया स्त्रीला आणि टोमणेही स्त्रीलाच! हा कुठला न्याय?

तेव्हा केंद्रांनी खरे काय ते मराठीत स्वच्छ छापावे. ज्या स्त्रीला या सुया हव्या असतील तिने जरूर घ्याव्यात. मात्र आपल्या डॉक्टरांना सांगून, शिकलेल्या माणसाकडून आणि दर वेळी नव्या निर्जंतुक सुयांनी. आणि आपण, चार बुके शिकलेल्यांनी, घरी गेल्यावर एवढे तरी करावे की तो अर्ध्या तासाचा निवांतपणा तिला स्वतःच्या घरातच मिळेल. त्याला पैसा लागत नाही.