गुपित कोणाचे, गुन्हा कोणाचा?

एका बँक कर्मचाऱ्याला ताब्यात मिळविण्यासाठी स्वित्झर्लंडच्या सरकारने स्पेनचे दार दोनदा ठोठावले आणि दोन्ही वेळा त्याला रिकाम्या हाताने परतावे लागले. एर्वे फाल्सियानी हा एचएसबीसीच्या जिनिव्हा येथील बँकेतील संगणकतज्ज्ञ. हजारो धनाढ्य खातेदारांची माहिती घेऊन तो २००८ साली फ्रान्समध्ये गेला. २०१२ साली बार्सेलोनात त्याला अटक झाली. परंतु मे २०१३ मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय न्यायालयाने प्रत्यार्पण नाकारले. पुढे २०१५ साली स्विस न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत, आर्थिक हेरगिरीबद्दल, त्याला पाच वर्षांची शिक्षा फर्मावली. २०१८ साली माद्रिदमध्ये पुन्हा अटक, पुन्हा मागणी आणि पुन्हा नकार!

या नकाराचे मर्म ध्यानी घेतले पाहिजे. कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असेल तरच आरोपी हवाली करावयाचा, हे प्रत्यार्पणाचे मूलतत्त्व आहे. स्वित्झर्लंडने १९३४ च्या कायद्याने बँकेचे गुपित फोडणे हा फौजदारी गुन्हा ठरविला. स्पेनच्या कायद्यात तसा गुन्हा नाही. म्हणजे ज्याला ‘राष्ट्रहित’ म्हटले जात होते, ते वस्तुतः तिजोरीचे हित होते. सरहद्द ओलांडताच त्याचे सोवळे गळून पडले.

फाल्सियानीने माहिती विकू पाहिली, असा आरोप आहे. त्याने तो नाकारला आहे. पण त्याचा हेतू मलिन होता असे मानले, तरी करबुडव्यांचे व्यवहार त्यामुळे पवित्र ठरत नाहीत. बँकेने मात्र २०१५ साली जिनिव्हात ४ कोटी फ्रँक आणि २०१७ साली फ्रान्समध्ये ३० कोटी युरो भरून प्रकरणे मिटविली. भांडवलाला दंड, माणसाला तुरुंग!

या यादीतील भारतीय नावे फ्रान्सकडून २०११ साली भारत सरकारला मिळाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये ६२७ नावे सर्वोच्च न्यायालयात पोचली, तीही बंद लिफाफ्यात. त्याच वर्षी जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो लागू करण्याची अधिसूचना मात्र वर्षानुवर्षे निघाली नाही. शिवाय तो केवळ लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता. खाजगी बँकेतील जागल्याला त्यात थारा नाही.

श्रीमंताने बुडविलेला कर अखेरीस मीठ-मिरची घेणाऱ्याकडूनच अप्रत्यक्ष करांच्या रूपाने वसूल होतो. म्हणून हा कायदा अंमलात आणणे आणि खाजगी भांडवलालाही त्याच्या कक्षेत ओढणे, ही मागणी केवळ वकिलांची राहता कामा नये. ती कष्टकऱ्यांच्या चळवळीची झाली पाहिजे.