ऑफिस चकाचक झालं, पण फाइल हलली का?

"साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात या." सरकारी ऑफिसात काम असलेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. हे चित्र बदलायचं म्हणून राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये १०० दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला. वेबसाइट अद्ययावत करा, स्वच्छता ठेवा, तक्रारी निकाली काढा, अधिकाऱ्यांनी फिल्डवर जा, असे एकूण सात मुद्दे होते. ऑफिसेसचं मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केलं आणि १ मे रोजी निकाल लागला. विभागांनी ठरवलेल्या ९०२ मुद्द्यांपैकी ७०६ पूर्ण झाल्याचं सरकारने सांगितलं.

आकडा चांगला आहे. पण १०१ व्या दिवशी काय होतं, हा खरा प्रश्न.

कामाचे तास वाढवून काम वाढतं का?

सरकारने तोही प्रयोग केलाय. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला. शनिवारी सुट्टी आणि रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. सरकारचाच हिशोब होता की वर्षाचे कामाचे दिवस २८८ वरून २६४ होतील, पण तास २०८८ वरून २११२ होतील. म्हणजे वर्षाला २४ तास जास्त.

पण फाइल अडते ती तास कमी पडतात म्हणून नाही. समजा तहसील ऑफिसात एक अर्ज आला. तो आधी लिपिकाकडे, मग अव्वल कारकुनाकडे, मग नायब तहसीलदारांकडे आणि शेवटी तहसीलदारांकडे जातो. प्रत्येक टेबलावरचं काम काही मिनिटांचं, बाकी सगळा वेळ ढिगाऱ्यात पडून राहण्याचा. त्यात एखादी त्रुटी निघाली की फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर. पाऊण तास जास्त बसून हा ढिगारा कमी होत नाही.

नगरचा धडा

हे ज्यांनी ओळखलं, त्यांचं नाव महसूल खात्यात आजही निघतं. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखीना अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. त्यांनी भाषणं देण्यापेक्षा कागदाला हात घातला. टेबलांची मांडणी, कागदांची वर्गवारी, रेकॉर्ड रूम, सगळं नव्याने लावलं. 'लखीना पॅटर्न' हे नाव तिथून आलं.

सरकारी ऑफिसांमधली सहा गठ्ठ्यांची पद्धतही याच विचारातली. आज ज्यावर काम करायचंय ते, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणारं, ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल, कायमचे आदेश, रेकॉर्ड रूममध्ये जाणारं आणि नष्ट करायचं. ऐकायला अगदीच साधं वाटतं. पण टेबलावर असे गठ्ठे असले की कर्मचारी रजेवर गेला तरी त्याच्या जागी बसणाऱ्याला काय अडलंय ते लगेच दिसतं.

२०१७ मध्ये पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' मोहीम राबवली, तिचा पायाही हाच होता. आधी प्रलंबित कागद मोजायचे, वर्गवारी करायची, मग रोजचं काम रोज संपवायचं.

मग हे टिकत का नाही?

कारण मोहीम साहेबांच्या नावाने ओळखली जाते आणि साहेबांची बदली होते. गंमत म्हणजे बदली आणि विलंब या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात एकाच कायद्यात आहेत. २००५ च्या या कायद्यानुसार एका जागी साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ मिळायला हवा आणि कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल, तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. पुढे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आला. त्यात ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद आहे.

नियम आहेत, पण सात दिवस कधी उलटले हे कागदाच्या ढिगात कुणाला कळणार? इथे ई-ऑफिस कामाचं ठरू शकतं. फाइल कोणत्या टेबलावर कधी आली आणि कधी गेली, याची तारीख-वेळ त्यात आपोआप नोंदली जाते. १०० दिवसांनंतर आलेल्या १५० दिवसांच्या कार्यक्रमात ई-गव्हर्नन्सवर भर होता, तो यामुळेच महत्त्वाचा. मात्र ही नोंद आज ऑफिसच्या आतच राहते. अर्जदाराला बहुतेक वेळा फक्त 'प्रक्रियेत आहे' एवढंच दिसतं, टेबल दिसत नाही.