दुरुस्तीआधीचा आकडाही जपा

२०१३-१४ मध्ये भारताची अर्थव्यवस्था किती वाढली, या साध्या प्रश्नाला एकाहून अधिक अधिकृत उत्तरे आहेत. मे २०१४ मध्ये जाहीर झाले ४.७ टक्के. जानेवारी २०१५ मध्ये आधारवर्ष आणि मोजणीची पद्धत बदलली, तेव्हा तेच वर्ष ६.९ टक्क्यांवर गेले. पुढच्या दुरुस्त्यांत ते ६.४ वर आले. पद्धत कोणती बरोबर, हा वाद अर्थतज्ज्ञांनी घालावा. पण २०१४ च्या उन्हाळ्यात ज्यांनी गुंतवणुकीचे किंवा नोकरभरतीचे निर्णय घेतले, त्यांच्यासमोर ४.७ हाच आकडा होता. आज ६.४ पाहून त्यांना घाबरट ठरवणे अन्यायाचे आहे. जुना आकडा प्रसिद्धिपत्रकात छापलेला आहे, म्हणून निदान हे म्हणता तरी येते.

कंपन्यांच्या संगणकांत ही सोय बहुधा नसते. डॅशबोर्ड दाखवतो ती उघडल्या क्षणाची स्थिती. ऑर्डर रद्द झाली, माल परत आला, की जुन्या नोंदीवर नवी चढते आणि मार्चअखेरचा अहवाल जूनमध्ये काढला तर वेगळाच निघतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. एखाद्या कंपनीने तेव्हा वसईच्या विक्रेत्यांपुढचे ‘ठाणे’ पुसून ‘पालघर’ लिहिले असेल, तर तिच्या अहवालात २०१२ सालीही पालघर जिल्हा दिसेल आणि ठाण्याची त्या वर्षीची विक्री घटलेली असेल. लबाडी कुणीच केली नाही, तरी ठाण्याच्या व्यवस्थापकाची जुनी कमाई गेली! महसूल खात्याला हे दुखणे फार आधी कळले होते; सातबाऱ्यावर आजची स्थिती असते, तर ती कशी आली हे फेरफार नोंदवहीत सापडते. कंपन्यांनीही महिनाअखेरचे आकडे जसेच्या तसे गोठवून, तारखेसह वेगळे ठेवायला हवेत.

यावर ‘बॅकअप असतोच की’ हे उत्तर ठरलेले. पण बॅकअप यंत्रणा कोसळली तर उभी करण्यासाठी असतो आणि काही आठवड्यांनी त्यावर नवा चढतो. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे आहे, हे चांगलेच झाले. मात्र विक्रीचे अंदाज किंवा बोलणी चालू असलेल्या ऑर्डरी त्या हिशेबात येतच नाहीत. साठवणुकीच्या खर्चाचा मुद्दा किरकोळ आहे, कारण रोजची प्रत्येक ओळ कुणी मागत नाही. खासगीपणाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. ग्राहकाने आपली माहिती पुसायला सांगितली आणि ती जुन्या प्रतींत तशीच राहिली, तर २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या हेतूलाच बाध येतो. म्हणून गोठवायच्या त्या बेरजा. नावे आणि मोबाइल क्रमांक नकोत. त्यामुळे पुढे तपशिलात शिरता येणार नाही, पण तेवढी किंमत मोजावी. आणि खरा विरोध बहुतेक वेळा या कारणांचा नसतोच. जानेवारीत आपण किती विक्री होईल म्हणालो होतो, हे डिसेंबरमध्ये कुणी काढून दाखवावे, असे फार थोड्या साहेबांना वाटते.