सुई कुणाच्या हातात?

आमच्या थोरल्या काकांचे डोळे पिवळे झाले तेव्हा आम्ही कडोलीकरांनी नेहमीचेच केले. काविळीचे झाडपाल्याचे औषध आणले आणि आठ दिवस तेल-तिखट बंद केले. पोट दुखत नव्हते, ताप नव्हता. पण वजन उतरू लागले, अंगाला खाज सुटली, तेव्हा बेळगाव गाठले. सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. स्वादुपिंडात गाठ निघाली.

काकूंचे माहेर गोकाकचे. डॉक्टर त्यांना कानडीत ‘मेदोज्जीरक ग्रंथी’ म्हणाले. तो शब्द काकूंनी कधी ऐकलाच नव्हता. ‘गड्डी’ तेवढे कळले, पण गड्डी म्हटले की आपल्याकडे उळ्ळागड्डी आठवते! मराठी शब्द आम्हाला ठाऊक होता तो गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१९ च्या मार्चमध्ये या अवयवाच्या कर्करोगाने गेले म्हणून. त्यामुळे घरात सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासायच्या होत्या. कुणी म्हणाले मुंबईला टाटात न्या, कुणी म्हणाले बेंगळूरला किडवाईत. आम्ही मात्र जिथे तारीख लवकर मिळाली तिथे गेलो. रिपोर्ट आला, ‘पुरेशा पेशी नाहीत’. दोन आठवडे वाया गेले.

दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावले. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले असते. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत वायूमुळे ते बरेचदा नीट दिसत नाही. म्हणून टोकाला सोनोग्राफीचे यंत्र असलेली दुर्बीण तोंडावाटे आत घालतात आणि पडद्यावर पाहत जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून गाठीत सुई घालतात. हे काम या तंत्राचे खास शिक्षण घेतलेल्या पोटविकारतज्ज्ञाचे. दुर्बीण वापरणाऱ्या प्रत्येकालाच ते येते असे नाही.

पण सुई धरणारा एकटा पुरत नाही. काढलेल्या पेशी तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा पॅथॉलॉजिस्ट असला, तर नमुना पुरला की नाही हे लगेच कळते. ‘अ‍ॅपल’चे स्टीव्ह जॉब्स यांची २००३ साली अशीच तपासणी झाली. पेशी लगेच पाहिल्या, तेव्हा गाठ शस्त्रक्रियेने बरी होऊ शकणाऱ्या दुर्मीळ प्रकारची निघाली. २००५ च्या एका भाषणात त्यांनीच हे सांगितले होते. स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ सारखी नसते. काही गाठी तर कर्करोगाच्या नसतातच. क्षयाची गाठही तशीच दिसू शकते.

तेव्हा वाचकहो, तारीख घेण्यापूर्वी एवढे विचारा. ही तपासणी हवीच का? गाठ सरळ काढण्याजोगी असेल तर शल्यविशारद बरेचदा सुई न लावताच शस्त्रक्रिया करतात. काकांची गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली होती. आधी केमो द्यायची, तर निदान पक्के हवे, म्हणून सुई लागली. दुसरे, तुम्ही ही तपासणी नेहमी करता का, महिन्याला किती? तिसरे, पेशी लगेच पाहायची सोय आहे का? चौथे, नमुना अपुरा आला तर पुढे काय? ‘कर्करोग दिसला नाही’ म्हणजे ‘कर्करोग नाही’ असे नव्हे. संशय पक्का असेल तर तपासणी पुन्हा करावी लागते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, स्वतःहून बंद करू नका. तपासणीनंतर १०० जणांत १-२ जणांना स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पोटात जोरात दुखले, ताप आला किंवा शौचाला काळे झाले तर सकाळची वाट पाहू नका. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते रुग्णाला ज्या भाषेत कळते त्या भाषेत समजावून घ्या, मराठीत असो की कानडीत.

असे प्रश्न विचारले तर डॉक्टर रागावतील, अशी काकूंना भीती होती. पण दुसऱ्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून कागदावर चित्र काढून दाखवले. तेव्हाच काकू म्हणाल्या, “इथेच करूया.”

काकांची केमो सध्या चालू आहे. गेलेले दोन आठवडे काही परत येत नाहीत. म्हणून तारीख लवकर कुठे मिळते, हा प्रश्न शेवटचा ठेवा.