प्रश्न विचारताना

उत्तर चुकले की विद्यार्थ्यास दोष देण्याची रीत जुनीच आहे. प्रश्नच चुकला असेल काय, अशी शंका सहसा कोणास येत नाही. आजकाल संगणकावर चाचणी वा पाहणीची प्रश्नावली घटकाभरात तयार होते. शिक्षकच नव्हे, तर विद्यार्थीही ती करू लागले आहेत. म्हणून प्रश्नाच्या साच्याविषयी दोन शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

हे साचे अनेक आहेत. गोल खुणांच्या प्रश्नात एकच पर्याय निवडता येतो, चौकोनी खुणांच्या प्रश्नात हवे तितके. कोठे एक ते पाच अशा पट्टीवर मत दर्शवावयाचे असते, तर कोठे मोकळ्या जागेत स्वतःच्या शब्दांत लिहावयाचे असते. यांत पर्यायांचा प्रश्न सर्वांस सोयीचा वाटतो, कारण त्याचे गुण यंत्र क्षणात मोजते. परंतु चार पर्यायांचे वीस प्रश्न डोळे मिटून सोडविले, तरी सरासरीने पाच उत्तरे बरोबर येतात, हे साधे गणित विसरता कामा नये.

पाहणीत धोका याहून मोठा आहे. समजा, पेडणे तालुक्यातील एखाद्या शाळेने विचारले, "शाळेत कसे येता?" आणि पर्याय तीनच दिले : बस, सायकल, पायी. तेरेखोलहून फेरीबोटीने केरीस उतरणाऱ्या मुलाने काय करावे? उत्तर दिल्यावाचून प्रश्नावली पुढे सरकत नाही. म्हणून तो 'बस' निवडतो. तक्त्यातून फेरीबोट नाहीशी होते. आणि ती बंद असेल त्या दिवशी तो गैरहजर का, हे त्या तक्त्यावरून कोणासही उमगत नाही.

दोनच पर्यायांचा प्रश्न आपल्या गोव्यानेही एकदा सोडविला आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विचारले होते : महाराष्ट्रात विलीनीकरण, की केंद्रशासित प्रदेश? अक्षरओळख नसलेल्यांसही कळावे, म्हणून विलीनीकरणास फूल व दुसऱ्या पर्यायास दोन पाने ही चिन्हे दिली होती. फुलास १,३८,१७० व दोन पानांस १,७२,१९१ मते पडली. पेडणे आणि डिचोली या भागांचा कल फुलाकडे होता. निर्णय करावयाचा असता प्रश्न असा नेमका असावा लागतो, हे आम्ही मानतो. तथापि स्वतंत्र राज्य हवे असणाऱ्यास त्या मतपत्रिकेवर जागा नव्हती. ते राज्य ३० मे १९८७ रोजी झाले. अशा माणसांनी त्या दिवशी कोणते चिन्ह निवडले, हे मोजणीतून कधीच कळणार नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे निवडणुकीत 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय आला, तो एका अर्थी अशाच मतदारासाठी.

यास्तव आमचे म्हणणे इतकेच. माहिती तपासावयाची असेल तर पर्याय द्यावेत. विचार तपासावयाचा असेल तर मोकळी जागा द्यावी. चाळीस उत्तरे वाचण्याचे कष्ट पडतात, पण ते शिक्षणाचेच कष्ट होत. पाहणीत 'इतर' असा पर्याय व त्यापुढे लिहिण्यास एक ओळ अवश्य असावी. आणि विद्यार्थिमित्रहो, प्रश्नावली सर्वांस पाठविण्यापूर्वी ती आपल्याहून निराळ्या वाटेने शाळेत येणाऱ्या एकास तरी दाखवावी. आपल्या प्रश्नात काय राहून गेले, ते तोच सांगू शकेल.