काडतुसाच्या पोटात काय?

खंडेनवमीस आपल्याकडे शस्त्रांची पूजा होते. कपाटातून बंदूक वा पिस्तूल बाहेर निघते, तेलाच्या फडक्याने पुसले जाते, त्यावर गंधाक्षता पडतात, झेंडूचे फूल वाहिले जाते आणि शस्त्र पुन्हा कपाटात जाते. त्याच कपाटाच्या कोपऱ्यात पडून असलेल्या काडतुसांच्या पेटीकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक शस्त्र म्हणजे नुसती पोलादाची नळी. तिचे सामर्थ्य आणि तिचा धोका ही दोन्ही त्या पेटीत असतात. नेम धरणारा कितीही सराईत असो आणि पिस्तूल कितीही नामांकित कारखान्याचे असो, काडतूस बेभरवशाचे निघाले तर त्या शस्त्राचा घात कुणास होईल, हे कुणीच सांगू शकत नाही.

ह्याचे विदारक उदाहरण अमेरिकेने 1993 साली पाहिले. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विल्मिंग्टन येथे ‘द क्रो’ ह्या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. ब्रूस ली ह्या विख्यात नटाचा 28 वर्षांचा पुत्र ब्रँडन ली हा त्याचा नायक. एका दृश्यात .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर अगदी जवळून दाखवावयाचे होते. समोरून पाहणाऱ्यास चक्रातील गोळ्यांची टोके दिसावीत, म्हणून निर्जीव काडतुसे हवी होती. ती तयार मिळविण्याऐवजी खऱ्या काडतुसांतील गोळ्या उपसून, दारू ओतून टाकून, गोळ्या पुन्हा जागच्या जागी बसविण्यात आल्या. बुडाशी असलेली, ठोक्याने पेटणारी टोपी मात्र तशीच जिवंत राहिली. पुढे केव्हातरी घोडा ओढला गेला. टोपीच्या इवल्याशा स्फोटाने गोळी पुढे सरकली आणि नळीत अडकून बसली. मोठा आवाज झाला नाही आणि कुणास काही कळलेही नाही.

पुढे तेच रिव्हॉल्व्हर दुसऱ्या दृश्यासाठी घेतले गेले. आता त्यात नुसता बार काढणारी, बिनगोळीची काडतुसे भरली होती. नळीत प्रकाश पाडून पाहण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. 31 मार्च रोजी सहकलाकाराने घोडा ओढला, काडतुसातील दारूने अडकलेली गोळी पुढे ढकलली आणि ती ब्रँडनच्या पोटात शिरली. त्याच दिवशी रुग्णालयात त्याचा अंत झाला. ह्या मृत्यूमागे वैर नव्हते की कट नव्हता. होती ती केवळ अर्धवट हातांनी बनविलेली काडतुसे, आणि ‘चालून जाईल’ ही वृत्ती! एकाने टोपी काढली नाही, दुसऱ्याने नळी तपासली नाही. दोन चुकांची गाठ पडली आणि एक तरुण जीव हकनाक गेला.

अमेरिकेत वापरलेल्या पितळी पुंगळ्या घरच्या घरी पुन्हा भरण्याचा छंद कायदेशीर आहे आणि जुनाही. खर्च वाचतो आणि नेमबाजास आपल्या शस्त्रास अनुरूप असे काडतूस सिद्ध करता येते. कसोशीने हे काम करणारे आयुष्यभर अपघाताविना ते करतात, हेही मान्य केले पाहिजे. परंतु येथे चुकीस क्षमा नाही. .38 स्पेशल ह्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचेच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते निघाले तेव्हा त्याची पुंगळी सुमारे 21 ग्रेन काळी दारू मावावी इतकी ऐसपैस केलेली होती. पुढे जलद पेटणारी बिनधुराची दारू आली आणि नेमबाजीच्या साध्या काडतुसास तिचे तीनएक ग्रेन पुरू लागले. पुंगळी मात्र पूर्वीएवढीच राहिली. परिणामी लक्ष विचलित होऊन तीच पुंगळी दोनदा भरली गेली तरी दारू काठावरून ओसंडत नाही. वर गोळी बसली की आतले पाप झाकले जाते. बाहेरून दोन्ही काडतुसे सारखीच दिसतात!

दारू दुप्पट पडली तर रिव्हॉल्व्हरचे चक्र फुटू शकते. मुळीच पडली नाही, तर विल्मिंग्टनप्रमाणे गोळी नळीत अडकते, आणि ‘फुस्स’ अशा आवाजाकडे दुर्लक्ष करून दुसरी गोळी झाडणाऱ्याच्या हातातच नळी फाटते. पुंगळीचे पितळही अमर नसते. प्रत्येक बारागणिक ते फुगते, पुन्हा भरताना दाबून पूर्ववत केले जाते आणि अशाने कडक होत जाते. तार पुन्हा पुन्हा वाकविली की शेवटी तुटते, तसेच हे. 9 मिलिमीटरच्या पिस्तुलात दर चौरस इंचास 35,000 पौंडांपर्यंतचा दाब गृहीत धरलेला असतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या हजारपटीहून तो अधिक! तो बोटांपासून अवघ्या काही इंचांवर पेलून धरणारी भिंत म्हणजे ही पुंगळी. ती थकलेली असेल तर पुढे काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

विल्मिंग्टनच्या अपघातातून धडा घेतला गेला असता, तर 21 ऑक्टोबर 2021 रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या चित्रीकरणात हलिना हचिन्स ही छायाचित्रणकार प्राणास मुकली नसती. तेथे निर्जीव काडतुसांत जिवंत काडतूस मिसळले होते. निर्जीव काडतूस ओळखण्याच्या खुणा साध्या असतात. काहींच्या अंगास भोक पाडलेले असते, तर काहींत छर्रा घातलेला असून काडतूस कानाशी हलविले की तो खुळखुळतो. एवढे ऐकण्याची सवड कुणी काढली नाही. शस्त्रांची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणीस 2024 साली सदोष मनुष्यवधाबद्दल 18 महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षेने न्याय झाला असेलही, पण गेलेला जीव परत आला नाही.

अमेरिकेचे हे दुखणे आपल्याकडे नाही, असे म्हणून स्वस्थ बसता येईल काय? आपला कायदा ह्या बाबतीत कडक आहे, हे खरे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनविण्याची यंत्रेही आणली आहेत. परवान्यावाचून दारूगोळा बनविणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीने किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली आहे. तरीही गावठी कट्टे आणि त्यांसोबतची काडतुसे पकडल्याच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. जो कट्टा नळाच्या तुकड्यापासून बनतो आणि ज्याची दाबाची चाचणी कधी झालेली नसते, त्यात कुणीतरी भरलेले काडतूस घालणारा माणूस समोरच्याच्या जिवाशी तर खेळतोच, पण स्वतःच्या पंजाशीही खेळतो.

परवानाधारक सज्जनांनीही निश्चिंत राहू नये. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर घरी असते, पण वर्षानुवर्षे बार निघत नाही, आणि जुनी काडतुसे तशीच पडून राहतात. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्याचे चार महिने कपाटातील कपड्यांनाही बुरशी चढते, तेथे काडतुसे कशी सुटतील? पितळेच्या भांड्यास हिरवा कळंक दिसला तर आपली गृहिणी त्यात ताक ओतत नाही. मग कळकलेले काडतूस पिस्तुलात घालण्याचे धाडस आपण का करावे? दमट हवेत टोपी आणि दारू बिघडली की बार निघतच नाही, दुबळा निघतो किंवा काही क्षण उशिराने निघतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत फसवा. घोडा पडूनही आवाज झाला नाही, तर नळी निर्धोक दिशेस धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. आवाज क्षीण आला, तर शस्त्र रिकामे करून नळी मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत पुढचा बार काढू नये. संशयास्पद काडतूस घरी उकलू नये, विहिरीत वा विस्तवात टाकू नये. ते परवानाधारक विक्रेत्याच्या किंवा पोलिसांच्या स्वाधीन करावे.

शासनाकडेही आमचे एक मागणे आहे. परवाना देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना काडतुसांची संख्या मोजली जाते, त्यांचे वय मात्र विचारले जात नाही. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेण्याचे आदेश निघतात. तीच संधी साधून जाणत्या माणसाकरवी जुन्या काडतुसांची पाहणी करावी, निकामी ठरलेली जमा करून घ्यावीत आणि तेवढीच नवी खरेदी करण्यास विनाविलंब मुभा द्यावी. ह्यास नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते. परवाना आता पाच वर्षांचा झाला आहे. पाच पावसाळे खाल्लेल्या काडतुसाची एकदा तरी विचारपूस व्हावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

काडतुसाच्या पोटात काय आहे, हे झाडणाऱ्यास दिसत नाही. बनविणाऱ्याच्या सचोटीवर आणि ठेवणाऱ्याच्या दक्षतेवर विसंबूनच तो घोडा ओढतो. म्हणून येत्या खंडेनवमीस शस्त्रावर फूल वाहण्यापूर्वी ती कोपऱ्यातली पेटीही उघडून पाहावी. पूजेइतकेच तेही कर्तव्य आहे.